बोलिंगला पैसा हवा असेल तर आधी लेनवरचं ऑइल लोकांना दिसू द्या

१९६५ साली अमेरिकेत अॅक्रनला टेनपिन बोलिंगची, म्हणजे लेनवरून बॉल टाकून दहा पिना पाडायच्या खेळाची, फायरस्टोन टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स झाली, बिली हार्डविक जिंकला आणि त्याला २५,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षी गोल्फची मास्टर्स जॅक निकलसने जिंकली आणि त्याला मिळाले २०,०००. म्हणजे टेनपिन बोलिंगच्या चॅम्पियनला गोल्फच्या चॅम्पियनपेक्षा जास्त पैसे मिळत होते, आणि तेव्हा यात कुणाला फार विशेष काही वाटलंही नसेल. आता २०२५ बघा. गोल्फच्या मास्टर्सचं पहिलं बक्षीस ४२ लाख डॉलर आणि बोलिंगची मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकली की मिळतात साधारण १ लाख. साठ वर्षांत महागाईच दहापट झालीय, म्हणजे हार्डविकचे २५,००० आजच्या हिशोबाने अडीच लाख होतात. बोलिंगचं बक्षीस गोल्फच्या मागे पडलं एवढ्यावर हे थांबत नाही, ते स्वतःच्याच जुन्या आकड्याच्या निम्म्याहून खाली आलंय.

अजून एक आकडा देतो. अर्ल अँथनीने १९७५ मध्ये एका सीझनला १ लाख डॉलरच्या वर कमावले, असं करणारा तो पहिला बोलर. २०२१ मध्ये काइल ट्रूपने एका सीझनला जवळपास ५ लाख डॉलर कमावले आणि नवा रेकॉर्ड केला, सगळीकडे कौतुक झालं आणि व्हायलाच पाहिजे होतं. पण १९७५ ते २०२१ मध्ये डॉलरची किंमत पाचपट उतरलीय, म्हणजे छेचाळीस वर्षांनंतरचा सगळ्यात मोठा रेकॉर्ड आणि अँथनीची त्या वेळची कमाई जवळजवळ सारखीच.

हे का झालं याची ठरलेली उत्तरं आहेत आणि ती सगळी थोडीथोडी बरोबरही आहेत. एबीसी चॅनलवर १९६२ पासून दर शनिवारी दुपारी बोलिंग दिसायचं, कॉमेंट्री करणाऱ्या ख्रिस शेंकेलचा तो शांत आवाज, आणि १९९७ ला ते बंद झालं कारण बघणारे वयस्क झाले आणि जाहिरातवाल्यांना तरुण पाहिजे होते. लीग, म्हणजे ठरल्या दिवशी दर आठवड्याला खेळायच्या हौशी लोकांच्या स्पर्धा, कमी झाल्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लीगमध्ये रजिस्टर असलेले खेळाडू नव्वद लाखांच्या आसपास होते, आज आकडा दहा लाखांच्या घरात आहे. शिफ्टची कामं वाढली, दर मंगळवारी संध्याकाळी तीस-बत्तीस आठवडे एकाच ठिकाणी जायचं हे लोकांना जमेना. सेंटरच्या मालकांच्या लक्षात आलं की लीगपेक्षा बर्थडे पार्टी आणि कंपन्यांच्या आउटिंगमध्ये तासाला जास्त पैसे सुटतात. हे सगळं खरं आहे.

पण यात एक गोष्ट बसत नाही. लोकांनी बोलिंग सोडलेलं नाही. आजही वर्षाला कोट्यवधी लोक एकदा तरी शूज भाड्याने घेऊन लेनवर उभे राहतात, इतके लोक आयुष्यात एकदा तरी गोल्फचा क्लब हातात धरत असतील का माझी शंकाच आहे. इतक्या लोकांनी स्वतःच्या हाताने जो खेळ खेळलाय त्या खेळाच्या सगळ्यात भारी माणसांना बघायला मात्र कोणी येत नाही, हे कोडं टीव्ही बंद झाला किंवा लीग आटल्या एवढ्याने सुटत नाही. माझं म्हणणं असं आहे की लोकांना हा खेळ सोपा वाटतो. आणि तो सोपा वाटतो कारण त्याच्यातला अवघड भाग डोळ्यांना दिसतच नाही आणि तो दाखवायचे कष्ट या धंद्यातल्या लोकांनी कधी नीट घेतलेच नाहीत.

तो अवघड भाग म्हणजे ऑइल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाउल लाइनपासून (जिथून बॉल टाकतात) हेड पिनपर्यंत (सगळ्यात पुढची पिन) लेन ६० फूट, रुंदीला ३९ पट्ट्या. त्यावर मशीनने ऑइलचा पातळ थर देतात, साधारण पहिल्या चाळीस फुटांपर्यंत, आणि सगळं मिळून ते जेमतेम पंचवीस-तीस मिलिलिटर असतं. ऑइल आहे तिथे बॉल घसरतो, संपलं की पकड घेतो आणि वळतो, यालाच हुक म्हणतात. आता हे ऑइल कुठे किती टाकलंय त्यावर अख्खा खेळ ठरतो. तुम्ही-आम्ही ज्या लेनवर खेळतो तिथे मध्ये भरपूर आणि कडेला अगदी कमी टाकलेलं असतं, दहास एक असं प्रमाणही असतं. त्याचा फायदा असा की बॉल चुकून बाहेर गेला तर कोरड्या जागेवर पकड घेऊन आपोआप आत येतो, चुकून आत गेला तर ऑइलवर घसरत सरळ जातो, म्हणजे दोन्हीकडच्या चुका लेनच सांभाळून घेते. याला हाउस शॉट म्हणतात. प्रो स्पर्धांमध्ये हे प्रमाण तीन-चारास एक किंवा त्याहूनही सपाट असतं, यूएस ओपनला तर जवळजवळ सगळीकडे सारखंच. तिथे एक पट्टी इकडे की तिकडे झालं की बॉल परत येत नाही.

आणि एवढंच नाही, हे ऑइल जागेवर राहत नाही. प्रत्येक बॉल थोडं ऑइल उचलतो, थोडं पुढे ढकलतो. आताचे रिअॅक्टिव्ह बॉल तर ते पिऊनच टाकतात. म्हणजे पहिल्या फ्रेममध्ये (एका गेमच्या अशा दहा फ्रेम असतात) जी लाइन बरोबर होती ती सहाव्या फ्रेममध्ये चुकीची असते, आणि हे सगळं खेळाडूला न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल अंदाजाने ठरवायचं असतं, बॉल कुठे वळला, पिना कशा पडल्या, दहा नंबरची पिन उभी राहिली ती जोरात हलून राहिली की आळशीपणे राहिली, यावरून. मग तो दोन पट्ट्या डावीकडे सरकतो किंवा बॉल बदलतो किंवा मनगट थोडं ढिलं सोडतो. साधारण अडीच सेकंदांत बॉल पिनांपर्यंत पोचतो आणि पॉकेटमध्ये, म्हणजे एक आणि तीन नंबरच्या पिनांच्या मधे, सुमारे सहा अंशांच्या कोनाने शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे एकाच बॉलला दहाही पिना पडायची, शक्यता सगळ्यात जास्त. परफेक्ट स्ट्राइकला बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो, एक, तीन, पाच आणि नऊ, बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. इतकं सगळं त्या अडीच सेकंदांत चाललेलं असतं आणि बघणाऱ्याला काय दिसतं, तर एक माणूस बॉल टाकतो आणि पिना पडतात, परत टाकतो, परत पडतात.

२०११ च्या टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सची गोष्ट मला नेहमी आठवते. लास वेगासला होती, बक्षिसांची एकूण रक्कम १० लाख डॉलर, विजेत्याला अडीच लाख, म्हणजे बऱ्याच वर्षांनी बोलिंगमध्ये खरा पैसा आला होता. सेमीफायनलला मिका कोइवुनिएमीने २९९ केले, शेवटच्या बॉलला एक पिन राहिली नाहीतर ३०० चा परफेक्ट गेम होता, त्याच्या वर स्कोअर होऊच शकत नाही. आणि त्याच लेनवर त्याच अर्ध्या तासात त्याच्यासमोर टॉम डॉहर्टीने केले १००. शंभर! टीव्हीवरच्या प्रो बोलिंगमधला तो सगळ्यात कमी स्कोअर. लोक हसले, अजूनही ती क्लिप लोक हसण्यासाठी शेअर करतात. पण विचार करा, डॉहर्टी काय कच्चा खेळाडू होता का, हाच माणूस पुढे २०२१ ला पीबीए (प्रो बोलर्सची संघटना) वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकला. मग त्या दिवशी नक्की काय झालं? एकाला लेन वाचता आली आणि दुसऱ्याला आली नाही, त्यात स्प्लिटमागून स्प्लिट (एकमेकींपासून लांब उरलेल्या पिना) राहत गेल्या. ही खेळाच्या इतिहासातली सगळ्यात जबरदस्त शिकवणी होऊ शकली असती, की बघा, हे किती अवघड आहे, एवढ्या मोठ्या लेव्हलचा माणूससुद्धा इथे बुडू शकतो. पण ऑइल दिसत नव्हतं, त्यामुळे घरी बसलेल्या माणसाने एवढंच बघितलं की टीव्हीवरच्या प्रोने १०० केले आणि मी परवा पार्टीत १३० केले होते.

हीच ती जागा आहे जिथे पैसा गळतो. ज्याला वाटतं की हे मलाही जमतं तो तिकीट काढून बघायला येत नाही, आणि बघणारे नाहीत म्हटल्यावर स्पॉन्सर कशाला येईल.

यात आपल्याच लोकांनी भर घातली. १९८२ ला कॅलिफोर्नियात ला हाब्राला ग्लेन अॅलिसनने लीगमध्ये सलग तीन गेम ३०० चे मारले, ९०० ची सिरीज, तोपर्यंत कोणी केली नव्हती. तेव्हाच्या संघटनेने लेनवरचं ऑइल नियमात बसत नाही म्हणून ती नामंजूर केली. अॅलिसनबद्दल मला वाईट वाटतं, छत्तीस स्ट्राइक कोणत्याही लेनवर गंमत नसते. पण निदान तेव्हा ऑइलला किंमत होती, स्कोअर कोणत्या लेनवर झाला हे विचारलं जात होतं. त्यानंतर काय झालं बघा. ऐंशीच्या सुरुवातीला युरेथेनचे बॉल आले, नव्वदच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिनचे, आणि सेंटरवाल्यांनी गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून लेन सोप्या केल्या. साठच्या दशकाच्या शेवटी लीगमध्ये वर्षाला हजाराच्या आतबाहेर ३०० चे गेम व्हायचे, नव्वदच्या शेवटी ते तीस हजारांच्या वर गेले. ३०० मारला म्हणून पूर्वी पेपरात नाव यायचं, आता शेजारच्या लेनवरचे लोकसुद्धा वळून बघत नाहीत. स्कोअर हीच तर या खेळाची भाषा होती, तीच आपण स्वस्त केली. लीगमध्ये २१० अॅव्हरेज असलेला माणूस टीव्हीवर प्रोला १९५ करताना बघतो आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतं की मी याच्यापेक्षा बरा आहे, त्याला कोणी सांगितलंच नाही की त्या प्रोच्या लेनवर त्याचा स्वतःचा अॅव्हरेज १८० किंवा त्याच्याही खाली येईल.

आता डार्ट्सकडे बघा, कारण डार्ट्सवाल्यांनी हे कोडं सोडवलंय आणि ते आपल्या डोळ्यांसमोर सोडवलंय. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश टीव्हीने डार्ट्सला जवळपास बाहेर काढलं होतं, पबमधला जाड्या लोकांचा खेळ म्हणून. १९९३ च्या सुमारास वरचे खेळाडू जुन्या संघटनेतून फुटले, १९९४ ला स्वतःची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू केली, पुढे खेळांचा प्रमोटर बॅरी हर्न आला. २०२४ च्या फायनलला सोळा वर्षांचा ल्यूक लिटलर पोचला तेव्हा ब्रिटनमध्ये स्काय स्पोर्ट्सवर सदतीस लाखांपर्यंत लोक बघत होते. २०२५ ला तो जिंकला, ५ लाख पौंड मिळाले, आणि २०२६ साठी पहिलं बक्षीस १० लाख पौंड केलं गेलं. उभं राहून एक छोटी वस्तू फेकायची, हालचाल फारशी नाही, खेळाडू काही अॅथलीटसारखे दिसत नाहीत, म्हणजे बोलिंगवर जे जे आक्षेप घेतात ते सगळे डार्ट्सला दुप्पट लागू होतात. तरी पैसा आला.

लोक म्हणतात हर्नने पार्टी केली, संगीत, रंगीबेरंगी कपडे, बिअर, गाणी, म्हणून चाललं. ते आहेच, पण बोलिंगनेही लाइट आणि संगीत करून बघितलं. २००० साली मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या तिघांनी पीबीए विकत घेतली तेव्हापासून हा खेळ चकाचक करायचे प्रयत्न चाललेत, खेळाडूंना ओरडायला सांगा, गर्दी जवळ आणा. पीट वेबरने २०१२ ला शेवटच्या बॉलला स्ट्राइक मारून २१५-२१४ ने पाचवी यूएस ओपन जिंकली आणि त्यानंतर जो काय ओरडला ते इंटरनेटवर सगळ्या जगाने बघितलं. बोलिंग माहीत नसलेल्यांनीही बघितलं. पण त्या लाखो लोकांपैकी कितीजण पुढच्या आठवड्यात परत बोलिंग बघायला आले? आरडाओरड बघायला लोक एकदा येतात.

डार्ट्समध्ये खरी गोष्ट वेगळी आहे. पबमधला बोर्ड आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपचा बोर्ड एकच असतो. तेच २.३७ मीटर अंतर, तीच आठ मिलिमीटरची ट्रिपल वीसची पट्टी. ज्याने घरी एकदा तीन डार्ट फेकून बघितलेत त्याला कॅमेऱ्याने ती पट्टी जवळून दाखवली की पोटात गोळा येतो, कारण ती किती बारीक आहे हे त्याच्या हाताला माहीत असतं. म्हणून तो पैसे देऊन बघतो. बोलिंगमध्ये गिऱ्हाईक आणि चॅम्पियन एकाच लेनवर खेळतच नाहीत. लेन दिसायला सारखी, पिना सारख्या, पण वरचं न दिसणारं ऑइल पूर्ण वेगळं. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हाताला चॅम्पियनची अडचण कधी कळतच नाही. हा फरक मिटवला तर बोलिंगच्या पैशाचा प्रश्न अर्धा सुटेल असं मला वाटतं, आणि तो मिटवल्याशिवाय स्पॉन्सरसमोर कितीही प्रेझेंटेशन केली तरी फार फरक पडणार नाही.

करायचं काय ते सांगतो. एक काम टीव्हीचं आहे. मध्यंतरी काही फायनल्सना निळा रंग मिसळलेलं ऑइल वापरलं होतं, बॉल जाईल तसा तो निळा थर फाटत जाताना दिसायचा, पुढे ओढलेले डाग दिसायचे, आणि पहिल्यांदा सामान्य माणसाला कळलं की हा खेळाडू सारखा जागा का बदलतोय. काही खेळाडूंनी कुरकुर केली आणि ते मागे पडलं. माझ्या मते ते कायम पाहिजे, आणि रंग नको असेल तर ग्राफिक तरी पाहिजे. अलीकडच्या टेलिकास्टमध्ये बॉलचा मार्ग, स्पीड, किती फिरतोय हे दाखवतात ते चांगलं आहे पण ते बॉलबद्दल आहे, लेनबद्दल नाही. दर फ्रेमला लेनचा नकाशा दाखवा, सुरुवातीला कसं होतं आता कसं झालंय, आणि कॉमेंट्री करणाऱ्याने बॉल टाकायच्या आधी सांगावं की आता याने काय करायला पाहिजे. क्रिकेटमध्ये पिच रिपोर्ट असतो ना, चेंडू कुठे पडला, किती वळला, तसं. तेवढ्याने प्रेक्षक खेळाडूच्या बरोबरीने विचार करायला लागतो, आणि विचार करणारा प्रेक्षक पुढच्या आठवड्यात परत येतो.

दुसरं काम सेंटरचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक सेंटरने दोन लेन प्रोच्या पॅटर्नवर, म्हणजे प्रो स्पर्धेसारखं ऑइल टाकून, ठेवाव्यात. अख्खं सेंटर नको, बर्थडेच्या पोराला हाउस शॉटच मिळू दे, बंपर लावून मिळू दे, त्याने हसत घरी जायला पाहिजे. पण ज्याला वाटतं मी भारी आहे त्याच्यासाठी दोन लेन असाव्यात, वर पाटी असावी की गेल्या रविवारी फायनल याच पॅटर्नवर झाली, अमक्याने इथे २२६ केले, तुम्ही करून बघा. पीबीएच्या पॅटर्नना तर नावंही छान आहेत, चीता, वायपर, स्कॉर्पियन, शार्क, कॅमेलियन. शार्कवर एक गेम खेळून १२८ वर बाहेर पडलेला माणूस त्या रविवारी टीव्हीसमोर बसणार याची मला खात्री आहे. स्पोर्ट लीग नावाचा प्रकार आहेच अवघड पॅटर्नवरचा, पण तो आधीच गंभीरपणे खेळणाऱ्यांचा छोटा कोपरा होऊन बसलाय. मी म्हणतोय ते वाटेवरच्या गिऱ्हाइकासाठी आहे.

आणि इथे एक संधी आहे जी पूर्वी कधी नव्हती. २०१९ पासून पीबीए ही बोलेरो कंपनीच्या मालकीची आहे, जिचं नाव आता लकी स्ट्राइक एंटरटेनमेंट आहे, आणि तिची स्वतःची शेकडो सेंटर आहेत. म्हणजे प्रो टूर आणि लेन दोन्ही एकाच हातात. अशा मालकीबद्दल लीगवाल्यांच्या मनात शंका आहेत आणि त्या मी खोडत नाही, कारण पार्टीतून पैसा येतो म्हटल्यावर स्पर्धेचं बोलिंग शोभेपुरतं उरायची भीती खरी आहे. पण ज्याच्याकडे दोन्ही टोकं आहेत त्याला हा फरक मिटवायला कुणाची परवानगीही लागत नाही. म्हणून मागणी त्यांच्याकडे जोरात करायला पाहिजे.

पैशाबद्दल सरळ बोलायचं तर आत्ताची रचना आतल्या आत फिरणारी आहे. बक्षिसाच्या रकमेचा मोठा भाग खेळाडूंच्याच एंट्री फीमधून येतो, आणि स्पॉन्सर कोण तर बॉल बनवणाऱ्या कंपन्या, ज्या आता मोजक्याच उरल्यात, २०१९ ला एबोनाइटचे ब्रँडसुद्धा ब्रन्सविककडे गेले. म्हणजे बोलिंगवाल्यांचेच पैसे बोलिंगवाल्यांना. एकेकाळी टायरची कंपनी मुख्य स्पॉन्सर होती, बिअरची होती, हार्डवेअरची होती. १९६४ मध्ये डॉन कार्टरने एबोनाइटशी १० लाख डॉलरचा करार केला, कोणत्याही खेळातला तसला पहिला करार म्हणून त्याचं नाव घेतात. बाहेरच्या कंपन्या तेव्हा आल्या कारण बघणारे होते. त्या परत येईपर्यंत मधली काही वर्षं खेळाला स्वतःच्या पायावर काढावी लागतील, आणि त्यासाठी माझा हिशोब साधा आहे. आज जे दहा लाखांच्या घरात रजिस्टर्ड खेळाडू आहेत त्यांच्याकडून वर्षाला फक्त एक डॉलर, वेगळा काढून, प्रो स्पर्धांच्या बक्षिसांसाठी. होतात १० लाख डॉलर. २०११ च्या त्या स्पर्धेची सगळी रक्कम एवढीच होती. पण हा डॉलर फुकट मागायचा नाही, त्याच्या बदल्यात त्या लीगवाल्याला काहीतरी द्यायचं, त्याच्या सेंटरमधून त्या पॅटर्नवर क्वालिफाय व्हायची संधी, थेट मोठ्या स्पर्धेच्या दारापर्यंत. डॉलर देणाऱ्याचा एक माणूस वर खेळत असेल तर तो बघणारच.

यावर कोणी म्हणेल की धंद्यातले लोक एकत्र येऊन पैसे टाकतील हे स्वप्न आहे. पण हे झालेलं आहे. बायकांची टूर, पीडब्ल्यूबीए, २००३ ला बंद पडली. बारा वर्षं बंद होती. या बारा वर्षांत बायकांना स्वतःची पूर्ण टूर नव्हती आणि तरी २०१० ला केली क्यूलिक टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्समध्ये उतरली आणि फायनलला ख्रिस बार्न्सला २६५-१९५ ने हरवून पीबीए टूरची स्पर्धा जिंकणारी पहिली बाई झाली. पुरुषांच्या टूरवर, पुरुषांच्याच ऑइलवर. मग २०१५ ला राष्ट्रीय संघटना आणि सेंटर मालकांची संघटना यांनी मिळून पैसे घातले आणि बायकांची टूर परत उभी केली. म्हणजे ठरवलं की होतं. दरम्यान कॉलेजमध्ये २००४ पासून एनसीएएची बायकांची चॅम्पियनशिप चालू आहेच, त्यातून चांगल्या मुली येतायत, त्यांना पुढे टूर नसती तर त्या सगळ्या चार वर्षांनी खेळ सोडून नोकरीला लागल्या असत्या.

ऑलिम्पिकचंही एक पालुपद असतं, ऑलिम्पिकमध्ये गेलं की सरकारं पैसे देतील. १९८८ ला सोलमध्ये प्रदर्शनीय म्हणून झालं, टोकियोसाठी २०१५ मध्ये आठ खेळांच्या यादीत नाव आलं आणि शेवटच्या पाचात राहिलं नाही. प्रयत्न करत राहावं, पण त्याची वाट बघत बसू नये. बाहेरून बघणाऱ्या कमिटीलाही शेवटी तोच प्रश्न पडत असणार की यात अवघड काय आहे.

मुख्य आक्षेप मात्र सेंटर मालकांचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, आम्ही चाळीस वर्षं खेळ सोपा करत आणला कारण अवघड झाला की गिऱ्हाईक जातं. लीगमधला माणूस २१० वरून १७५ वर आला की तो चिडतो आणि दुसऱ्या सेंटरला जातो. हे होतं, नाकारत नाही. पण सोपं करूनसुद्धा लीग गेल्याच ना? नव्वद लाखांवरून दहा लाखांवर आपण हाउस शॉट देत देतच आलो. सोपेपणाने माणूस आत येतो, टिकून राहायला त्याला वर चढायला काहीतरी लागतं. गिर्यारोहणाच्या भिंतींवर बघा, एकाच हॉलमध्ये लहान मुलांचा मार्ग असतो आणि शेजारी असा मार्ग असतो ज्यावर भले भले पडतात, आणि कोणी तक्रार करत नाही, उलट सोप्या मार्गावरचे लोक थांबून अवघड मार्गावरच्या माणसाकडे बघत असतात. ते बघणं बोलिंग सेंटरमध्ये आज कुठेच होत नाही.

बघणारी गर्दी होऊ शकते हेही दिसलंय. मेन राज्यातल्या पोर्टलंडला बेसाइड बोल नावाचं सेंटर आहे, तिथे पीबीए लीगच्या टीम मॅचेस व्हायच्या, लोक लेनच्या अगदी बाजूला उभे राहून आपल्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचे. खेळाडू म्हणायचे असं वातावरण कुठेच नाही. मोठं शहर नाही, मोठं स्टेडियम नाही. तिथल्या लोकांना आपली टीम होती आणि खेळ कळत होता. हर्नच्याच मॅचरूम कंपनीने २००० साली अमेरिका विरुद्ध युरोप असा वेबर कप बोलिंगमध्ये सुरू केला, तिथेही तसंच, गर्दी उभी असते. म्हणजे गर्दी जमवायचा अनुभव आपल्याकडे आहे, तो वर्षातल्या चार दिवसांपुरता अडकलाय.

आणि खेळाडू तर कधी नव्हे इतके चांगले आहेत. जेसन बेलमाँटने दोन हातांनी टाकायला सुरुवात केली तेव्हा लोक नाक मुरडायचे, ही लहान मुलांची पद्धत आहे म्हणायचे, त्याच पद्धतीने त्याने पंधरा मेजर जिंकल्यात, इतक्या कोणीच जिंकलेल्या नाहीत. आज कोणत्याही सेंटरमध्ये बारा-तेरा वर्षांची मुलं बघा, निम्मी दोन हातांनी टाकताना दिसतील, त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, मोबाइलवर बघून शिकतात. अँथनी सायमन्सन एकोणीस वर्षांचा असताना मेजर जिंकला. २०२१ ला अँथनी न्यूअर या अठरा वर्षांच्या पोराने टीव्हीवर ७-१० ची स्प्लिट (मागच्या रांगेतल्या दोन टोकांच्या पिना) काढली, १९९१ नंतर पहिल्यांदा. या मुलांकडे बघून शिकणारी एक पिढी आत्ता सेंटरमध्ये आहे, तिच्या हातात हाउस शॉट आहे आणि तिला माहीतच नाही की तिचे हिरो कशावर खेळतायत.

खर्चाचं म्हणाल तर लेनवर ऑइल टाकणाऱ्या आताच्या मशीनमध्ये एकापेक्षा जास्त पॅटर्न साठवता येतात आणि लेननुसार वेगळा पॅटर्न देता येतो, त्यामुळे ज्या सेंटरमध्ये असं मशीन आहे तिथे दोन लेनसाठी नवीन काही विकत घ्यायला लागत नाही. रोज सकाळी जो मुलगा मशीन फिरवतो त्याने शेवटच्या दोन लेनला वेगळा पॅटर्न निवडायचा आणि काउंटरवर पाटी लावायची, बास. तुम्ही खेळायला जात असाल तर काउंटरवर एकदा विचारा की प्रोचा पॅटर्न टाकलेली लेन मिळेल का. दहा लोकांनी विचारलं तर मॅनेजर वर फोन करेल, शंभर लोकांनी विचारलं तर तो टाकूनच ठेवेल.